प्री-अल्जिब्रानंतर कोणता वर्ग: घाईच्या युक्तिवादाचा प्रतिवाद

अमेरिकेतील शालेय गणिताची रचना थरांची आहे. सहावी-सातवीपर्यंत अंकगणित, त्यानंतर एक वर्ष प्री-अल्जिब्रा, म्हणजे अपूर्णांक, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, ऋण संख्या आणि साधी एकचल समीकरणे यांची बीजगणितात शिरण्यापूर्वीची बांधणी, आणि मग एकेका वर्षाचे स्वतंत्र अभ्यासक्रम असा हा क्रम असून त्यात अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस एकामागून एक येतात. सर्वसाधारण विद्यार्थी अल्जिब्रा वन नववीत घेतो, गणितात पुढे असलेला आठवीत घेतो आणि त्याहूनही पुढे काढलेला सातवीत. म्हणूनच प्री-अल्जिब्राचे वर्ष संपत आले की आता याला कोणत्या वर्गात बसवायचे, हा प्रश्न घराघरांत उभा राहतो. महाराष्ट्रात शिकून तिकडे स्थायिक झालेल्या पालकांना हा प्रश्नच नवा असतो, कारण त्यांच्या शाळेत बीजगणित आणि भूमिती शेजारीशेजारी चालत, नववी-दहावीला गणित भाग १ आणि भाग २ अशी दोन पुस्तके सगळ्यांच्याच दप्तरात असत आणि कोणता वर्ग कधी घ्यावा हे ठरवण्याचा प्रसंग पालकावर कधी येत नसे. अनोळखी प्रश्नाला माणूस ओळखीच्यांचे उत्तर उचलतो, आणि फ्रीमाँट, क्युपर्टिनो किंवा एडिसनसारख्या भारतीय वस्तीच्या गावांत जे उत्तर वारंवार कानांवर पडते ते म्हणजे जितक्या लवकर तितके चांगले.

या उत्तराचा पूर्ण आकार असा आहे: प्री-अल्जिब्रा झाले असेल तर अल्जिब्रा वन ताबडतोब घ्यावे, जमल्यास प्री-अल्जिब्रा गाळूनच घ्यावे, जॉमेट्री उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवड्यांत उरकावी, म्हणजे कॅल्क्युलस अकरावीत आटोपते आणि बारावीला त्याच्याही पुढचे काही नोंदवता येते. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते केवळ दुबळ्या मुलांसाठी चुकीचे आहे असे नव्हे, तर हुशार मुलांपैकी बहुतेकांसाठीही चुकीचे आहे. मुलाने पुढे काय शिकावे हे त्याच्या वयावरून, इयत्तेवरून किंवा शेजारच्या मुलाच्या वेळापत्रकावरून ठरू शकत नाही. अपूर्णांक, गुणोत्तर, ऋण संख्या आणि बरोबरचे चिन्ह या चार गोष्टी ते कोणी शेजारी नसताना कशा वापरते, एवढ्यावरूनच ते ठरले पाहिजे.

घाईच्या बाजूने मांडला जाणारा, आणि मराठी घरांत सर्वांत परिणामकारक ठरणारा, पहिला मुद्दा असा असतो की भारतातली मुले हे सारे खूप आधी करतात, अमेरिकन शाळाच मागे आहेत. हा मुद्दा बालभारतीच्या पुस्तकांपुढे टिकत नाही. समीकरण या कल्पनेची ओळख महाराष्ट्रात सहावीत होते हे खरे. सातवीत बैजिक राशी येतात, आठवीत त्यांचे अवयव, बहुपदींचा भागाकार आणि एकचल समीकरणे येतात, दोन चलांतील रेषीय समीकरणे नववीत सुरू होतात, आणि वर्गसमीकरणे, म्हणजे ज्यात चलाचा मोठ्यात मोठा घातांक दोन असतो अशी समीकरणे, थेट दहावीत. अमेरिकेतील अल्जिब्रा वनच्या एका वर्षात साधारणपणे एकचल समीकरणे, असमानता, आलेख, एकसामायिक समीकरणे, बहुपदी, अवयव आणि वर्गसमीकरणे एवढा सगळा ऐवज असतो. म्हणजे जे महाराष्ट्रातील मूल सहावी ते दहावी अशी पाच वर्षे थोडेथोडे, भूमितीच्या बरोबरीने, मागच्यावर पुन्हा हात फिरवत शिकते, ते अमेरिकेत एका वर्षात उरकायचे असते, आणि तेही बारा वर्षांच्या मुलाकडून, अशी ही मागणी आहे. कॅल्क्युलसचेही तसेच आहे, कारण महाराष्ट्रात सीमा आणि विकलन अकरावीत भेटतात आणि संकलन बारावीत. आठवीत अल्जिब्रा वन घेणारा अमेरिकन विद्यार्थी त्याच सुमारास तेथे पोहोचतो. भारताच्या नावाने जी घाई केली जाते तिला भारतातील अभ्यासक्रमाचा आधार नाही, आणि ज्या पालकांनी स्वतः पाच वर्षे घेऊन बीजगणित पचवले त्यांनी आपल्या मुलाला एक वर्ष पुरावे असे धरून चालणे न्याय्य नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण तो शिक्षणाच्या स्वरूपाविषयी आहे. बीजगणित हेच अंकगणितातील उणिवा भरून काढील, मूल अपूर्णांकांत थोडे अडखळत असले तरी पुढच्या वर्गात वापर वाढला की हात आपोआप बसेल, असे अनेक समंजस माणसेही मानतात. प्रत्यक्षात घडते ते उलट. बीजगणित हे अंकगणिताच्या नियमांचे सामान्यीकरण आहे, म्हणजे विशिष्ट संख्यांबद्दल जे खरे असते ते कोणत्याही संख्येबद्दल अक्षर योजून लिहिण्याची रीत आहे, आणि जो नियम संख्यांच्या बाबतीत मुलाच्या लक्षात आलेला नाही तो अक्षरांच्या बाबतीत त्याला दिसणारच नाही. अल्जिब्रा वनच्या वह्यांत पुन:पुन्हा सापडणारी एक चूक येथे जवळून पाहण्याजोगी आहे. (क्ष + ६)/६ ही राशी सोपी करताना मूल वरचा सहा आणि खालचा सहा एकमेकांवर काट मारते आणि उत्तर क्ष असे लिहिते. शिक्षक त्या उत्तराला लाल खूण करतो आणि बेरजेतले पद छाटता येत नाही असा नियम सांगतो, मूल नियम पाठ करते, आणि दोन आठवड्यांनी त्याच चुकीचा नवा अवतार (२क्ष + १०)/२ मध्ये उगवतो, कारण दोष बीजगणितात नव्हताच. क्षच्या जागी चार ठेवले तर दहा भागिले सहा येतात आणि ते काही चार नव्हेत, हे पडताळून पाहण्याची सवय त्या मुलाला नाही. अंश-छेदाला एकाच संख्येने भागणे म्हणजे संपूर्ण अंशाला भागणे, हे अपूर्णांकांच्या प्रकरणात त्याच्या मनावर ठसलेले नाही. अक्षरांच्या प्रदेशात हा दोष झाकला जातो, तो तेथे बरा होत नाही.

अपूर्णांकांविषयीचे अज्ञान किती खोल असू शकते याचा पुरावा जुना आहे. १९७८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मूल्यमापनात तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजाने किती येईल असे विचारून १, २, १९ आणि २१ असे पर्याय दिले होते. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळचे असल्याने उत्तर दोन, हे नजरेनेच कळावे. पण ते निवडणारी मुले होती फक्त २४ टक्के, आणि निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले, म्हणजे अंशांची किंवा छेदांची सरळ बेरीज केली. यांतल्या पुष्कळ मुलांना समच्छेद करून रीतीने बेरीज करता आली असती. अपूर्णांक ही एक संख्या आहे आणि संख्यारेषेवर तिला एक जागा आहे, हे मात्र त्यांच्या गावी नव्हते. बरोबरच्या चिन्हाचीही गोष्ट अशीच आहे. ८ + ४ = □ + ५ या प्रश्नावर १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ हे उत्तर दिले नाही, सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिले, कारण त्यांच्या लेखी बरोबरचे चिन्ह म्हणजे आता उत्तर लिहा अशी खूण होती, दोन बाजू सारख्या आहेत असे विधान नव्हते. अशा मुलाला समीकरण शिकवायचे म्हणजे बाजू बदलली की चिन्ह बदलते हा मंत्र देण्यापलीकडे काही उरत नाही, आणि त्या मंत्राने परीक्षा निघते, विषय निघत नाही. याच दिशेने बोट दाखवणारा एक मोठा निष्कर्ष २०१२ साली अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांतील दीर्घकालीन माहितीवरून रॉबर्ट सीगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. मूल दहा वर्षांच्या आसपास असताना त्याचे अपूर्णांकांचे आणि भागाकाराचे ज्ञान किती आहे यावरून त्याच्या हायस्कुलातील बीजगणिताचा आणि एकूण गणिताचा अंदाज बांधता येतो, आणि बुद्ध्यंक, घरचे उत्पन्न, पालकांचे शिक्षण हे घटक हिशेबात धरल्यानंतरही तो अंदाज टिकतो. त्याआधी २००८ साली राष्ट्रीय गणित सल्लागार मंडळानेही बीजगणिताच्या पायाभरणीत अपूर्णांकांवरील प्रभुत्वाला कळीचे स्थान दिले होते.

मोठ्या प्रमाणावर केलेल्या घाईचे परिणामही नोंदलेले आहेत. आठवीत अल्जिब्रा घेणाऱ्यांची संख्या देशभर वाढत असताना टॉम लव्हलेस या अभ्यासकाने २००८ मध्ये दाखवून दिले की २००५ च्या राष्ट्रीय चाचणीत ज्यांचे गुण सर्वांत तळाच्या दहा टक्क्यांत होते अशा आठवीच्या मुलांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक मुले अल्जिब्रा वन किंवा त्यापुढच्या वर्गात बसवलेली होती, आणि त्यांचे अंकगणित प्राथमिक शाळेच्या पातळीवर अडकलेले होते. उत्तर कॅरोलिनातील शार्लट-मेक्लेनबर्ग या शाळाजिल्ह्यात या शतकाच्या सुरुवातीला मधल्या गुणवत्तेच्या मुलांनाही मोठ्या संख्येने आठवीत अल्जिब्रा दिला गेला. क्लॉटफेल्टर, लॅड आणि विगडर या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला तेव्हा असे आढळले की लवकर ढकललेल्या मुलांना अल्जिब्राच्या परीक्षेत कमी गुण मिळाले आणि पुढचा जॉमेट्रीचा टप्पा ओलांडण्याची त्यांची शक्यताही घटली. ही शेवटची बाब पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. वर्ष वाचवण्यासाठी केलेली उडी पुढच्याच वर्षी वर्ष खाते.

येथे एका थोर माणसाचा दाखला विरुद्ध बाजूने दिला जातो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी जिवावर उदार होऊन काम केलेल्या रॉबर्ट मोझेस यांनी १९८२ मध्ये अल्जिब्रा प्रोजेक्ट सुरू केला आणि बीजगणित हा नागरी हक्काचा प्रश्न आहे असे ठामपणे सांगितले, कारण ज्या शाळांत आठवीला बीजगणित नव्हते त्या शाळांतील गरीब मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाचे दार पुढे बंदच राहत होते. त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. पण मोझेस यांनी मुलांना नुसते एक वर्ष पुढच्या वर्गात नेऊन बसवले नाही. त्यांनी सहावीच्या मुलांसाठी अंकगणिताकडून बीजगणिताकडे नेणारा एक मधला अभ्यासक्रम रचला, मुलांना बॉस्टनच्या भुयारी रेल्वेत बसवून प्रवास करायला लावला, कोणत्या दिशेला किती स्थानके गेलो याची नोंद करायला लावली, आणि त्या नोंदीतून धन व ऋण संख्यांचा अर्थ मुलांकडूनच काढून घेतला. त्यांच्या नावाने घाईचे समर्थन करणाऱ्यांनी त्यांनी रचलेला हा मधला जिना विसरू नये.

घाईच्या विरोधात बोलणाऱ्या दुसऱ्या एका पक्षाशीही येथे मतभेद नोंदवणे भाग आहे, कारण त्याची चूक वेगळ्या तोंडाची असली तरी जातीने तीच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळाजिल्ह्याने २०१४ मध्ये आठवीतला अल्जिब्रा सर्वांसाठीच बंद केला आणि सगळ्यांनी तो नववीत घ्यावा असे ठरवले; हेतू असा की मुलांची कोवळ्या वयात वरचा गट आणि खालचा गट अशी फाळणी होऊ नये. दहा वर्षे पालक खाजगी वर्ग, ऑनलाइन अभ्यासक्रम आणि उन्हाळी शिकवण्या यांच्यामागे धावत राहिले, ज्यांच्या खिशात पैसा होता त्यांची मुले पुढे गेलीच, आणि मार्च २०२४ मध्ये शहरातील मतदारांनी आठवीत अल्जिब्रा परत आणावा असा कौल प्रचंड बहुमताने दिला. तयार नसलेल्या मुलाला पुढे ढकलणे हा जसा अन्याय आहे, तसाच तयार असलेल्या मुलाला सर्वांच्या बरोबरीसाठी थांबवून ठेवणे हाही अन्याय आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी मुलाच्या वहीऐवजी दिनदर्शिका पाहण्याची सवय आहे.

महाविद्यालयीन प्रवेशाच्या भीतीला फार जागा देण्याचे कारण नाही. अभियांत्रिकी किंवा विज्ञान शाखेकडे जाऊ पाहणाऱ्याने हायस्कुलात कॅल्क्युलसपर्यंत पोहोचणे इष्ट आहे आणि आठवीत अल्जिब्रा वन घेतल्यास ते बारावीत सहज साधते. नववीत सुरुवात करणाऱ्यालाही अनेक शाळांत जॉमेट्री आणि अल्जिब्रा टू एकाच वर्षी घेऊन ते साधता येते. त्याच्याही आधी पोहोचून काय मिळते, याविषयी मात्र विद्यापीठातील गणिताचे शिक्षकच साशंक आहेत. अमेरिकेच्या गणितज्ञांची संघटना आणि गणित शिक्षकांची राष्ट्रीय परिषद या दोन संस्थांनी २०१२ मध्ये संयुक्त निवेदन काढून स्पष्ट सांगितले की मुलाला बारावीपर्यंत कॅल्क्युलसमधून पार करणे हे शालेय गणिताचे अंतिम उद्दिष्ट नसावे, तर महाविद्यालयात जे काही शिकायचे त्यासाठी लागणारा पाया पक्का करणे हे असावे. शाळेत कॅल्क्युलस झालेले कित्येक विद्यार्थी महाविद्यालयात तोच विषय पुन्हा पहिल्यापासून घेतात किंवा त्याच्याही खालच्या वर्गात बसतात, आणि त्यांना तेथे अडवणारी गोष्ट बहुधा विकलनाची नसते, तर बैजिक राशी हाताळण्यातील कच्चेपणाची असते.

राहिला कंटाळ्याचा मुद्दा, आणि तो सर्वांत खरा आहे. प्री-अल्जिब्रा झालेले पण बीजगणिताला अजून पुरते न पिकलेले मूल पुन्हा त्याच पुस्तकावर बसवले तर त्याचा गणितावरचा जीव उडतो, आणि मग पुढच्या वर्गात नेऊन बसवणे हाच त्यावरचा उपाय वाटू लागतो. येथेच या वादातील मूळ गैरसमज उघडा पडतो. गणित म्हणजे एकच एक शिडी आणि तिच्यावर वर किंवा खाली एवढ्याच दोन दिशा, असे या वादातील दोन्ही बाजूंनी धरलेले आहे. अंकगणित आणि बीजगणित यांच्या मधोमध दोन समृद्ध विषय आहेत, मोजणीशास्त्र आणि संख्यासिद्धांत, आणि त्यांना अमेरिकन शालेय रचनेत नावाने जागा नसल्यामुळे पालकांना ते दिसत नाहीत. मराठी वाचकाला खरे तर ते दिसायला हवेत, कारण भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीतील लीलावती हा भाग, जो अक्षरांशिवायच्या म्हणजे व्यक्त गणिताचा आहे आणि बीजगणित या स्वतंत्र भागाच्या आधी येतो, तो त्रैराशिक आणि व्याज यांवर संपत नाही. त्याच्या शेवटाकडे कुट्टक येतो, म्हणजे भागाकार आणि शिल्लक बाकी यांवरून पूर्णांक शोधण्याची रीत, आणि त्यानंतर अंकपाश येतो, म्हणजे वस्तूंच्या मांडणीचे प्रकार मोजण्याची रीत. दहा हातांत दहा निरनिराळी आयुधे अदलाबदल करून धरली तर शंभूच्या मूर्ती किती प्रकारच्या होतील, हा तेथला प्रश्न आहे आणि उत्तर आहे ३६,२८,८००. अक्षरांच्या गणिताआधी हे शिकवावे असे त्या शिक्षकाला वाटले, त्यामागे मोठी समज आहे.

ती समज कशी काम करते हे एका उदाहरणाने पाहता येईल. चार माणसांनी एकमेकांशी हस्तांदोलन केले तर किती हस्तांदोलने होतील असे मुलाला विचारावे. ते बोटांवर मोजून सहा सांगते. पाच माणसांची दहा, सहा माणसांची पंधरा, हेही ते यादी करून काढते. मग वीस माणसे सांगावीत. यादी आता पुरत नाही, आणि थोड्या झटापटीनंतर मुलाच्या ध्यानात येते की प्रत्येक माणूस एकोणीस जणांशी हात मिळवतो, म्हणून वीस गुणिले एकोणीस, पण त्यात प्रत्येक हस्तांदोलन दोनदा मोजले गेले, म्हणून निम्मे, म्हणजे १९०. यानंतर माणसे कितीही असोत, हे एकदाच कसे लिहायचे असा प्रश्न केला की न(न − १)/२ हे सूत्र लिहिण्यासाठी मुलालाच अक्षराची गरज भासते. अल्जिब्रा वनच्या पहिल्या धड्यात अक्षर हुकमाने येते, येथे ते गरजेने येते, आणि गरजेने आलेले अक्षर म्हणजे एखाद्या लपवलेल्या उत्तराचे टोपणनाव नसून कोणत्याही संख्येची जागा आहे, हे त्या मुलाला पुन्हा सांगावे लागत नाही. संख्यासिद्धांताचेही असेच आहे. पाचने भागल्यास बाकी दोन आणि सातने भागल्यास बाकी तीन उरेल अशी संख्या शोधताना मूल सतरावर येते, मग बावन्नवर येते, दोहोंतला फरक पस्तीस आहे हे पाहते आणि तसे का असावे याचा विचार करू लागते. ३६० ला किती विभाजक आहेत हे मोजताना मूळ अवयव पाडण्याची जी रीत त्याने लसावि-मसाविसाठी यांत्रिकपणे शिकलेली असते तिला पहिल्यांदा अर्थ येतो आणि चोवीस हे उत्तर यादीशिवाय मिळते. या सगळ्यात भागाकार, अपूर्णांक, गुणोत्तर यांचा अखंड सराव होतो, पण मुलाला उजळणी होत असल्याचा भास होत नाही.

अमेरिकेतच याला पूरक साहित्य आहे. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या संस्थेच्या ग्रंथमालेत प्री-अल्जिब्रानंतर बीजगणित आणि भूमिती यांच्या जोडीने मोजणी व संभाव्यता आणि संख्यासिद्धांत यांची स्वतंत्र प्रारंभिक पुस्तके आहेत, आणि त्या संस्थेचे संस्थापक रिचर्ड रुस्चिक यांनी हुशार मुलाला कॅल्क्युलसकडे पळवत नेण्याच्या प्रवृत्तीला सापळा म्हटले आहे. ही पुस्तके कठीण आहेत, बीजगणिताच्या सुरुवातीच्या भागाबरोबर ती चालवावीत हे बरे, आणि सगळ्याच मुलांना ती रुचतील असे नाही; तरीही हा विषय-विस्तार हरवलेले वर्ष नाही, हे त्यांच्या अस्तित्वावरूनच सिद्ध होते.

भूमिती आधी घ्यावी काय, असाही एक पर्याय सुचवला जातो. अमेरिकन शाळांतील जॉमेट्रीचे वर्ष समरूप त्रिकोण, पायथागोरसचे प्रमेय, वर्गमुळे आणि निर्देशक भूमिती यांवर उभे असल्याने समीकरण न येता ते घेणे इष्ट नाही. कंपास-पट्टीच्या रचना आणि कोनांची सिद्धता मात्र कधीही सुरू कराव्यात, आणि जॉमेट्रीच्या वर्षात बीजगणित थंड पडू देऊ नये. सहा आठवड्यांच्या उन्हाळी जॉमेट्रीबद्दल इतकेच म्हणता येईल की ज्या विषयात मूल पहिल्यांदा सिद्धता लिहायला शिकते, म्हणजे एखादे विधान का खरे आहे हे पायरीपायरीने दाखवायला शिकते, तोच विषय उरकण्यासाठी निवडला जावा, ही या साऱ्या घाईतील सर्वांत मोठी हानी आहे.

काही मुले खरोखर तयार असतात, आणि त्यांच्या बाबतीत घाई हा शब्दच लागू पडत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ पासून गणितात विलक्षण गती असलेल्या मुलांचा जो अभ्यास सुरू केला, त्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा देऊन निवडले जाई, आणि अशा मुलांना वेगाने पुढे नेल्याने त्यांचे नुकसान होत नाही, उलट भले होते, असे पुढच्या दशकांत दिसून आले. अकरा वर्षांचे मूल या जातीचे असेल तर त्याला अल्जिब्रा वन जरूर द्यावा. मात्र त्या अभ्यासातील निवड वरच्या वयाच्या परीक्षेवर आधारलेली होती, पालकांच्या इच्छेवर किंवा क्लासच्या प्रमाणपत्रावर नव्हती, हे विसरून त्याचा दाखला देऊ नये.

निर्णय घेण्यापूर्वी पालकाने मुलासमोर कोरा कागद ठेवून, कोणतीही रीत न सुचवता, काही प्रश्न द्यावेत. एका संख्येचे दोन तृतीयांश अठरा आहेत तर ती संख्या कोणती, हे चित्र काढून किंवा तोंडाने समजावून सांगता येते काय? एखादी मोटार जाताना ताशी ६० किलोमीटर आणि त्याच वाटेने परत येताना ताशी ४० किलोमीटर धावली तर सरासरी वेग पन्नास नसून अठ्ठेचाळीस का, याचा मूल शोध घेते काय, की पन्नास सांगून मोकळे होते? ३ − (५ − ७) चे उत्तर पाच येते हे ते संख्यारेषेवर दाखवू शकते काय? हे जमत असेल आणि चूक झाल्यावर मूल स्वतःच ती हुडकत असेल, तर अल्जिब्रा वनसाठी वयाची अट घालू नये. जमत नसेल, तर शाळेची चाचणी काहीही सांगो, एक वर्ष मोजणी, संख्यासिद्धांत आणि अपूर्णांकांच्या अवघड उदाहरणांना द्यावे. अनेक शाळाजिल्हे वर्ग ठरवण्यासाठी वसंत ऋतूत बीजगणिताच्या पूर्वतयारीची चाचणी घेतात आणि पालकांना केवळ शततमक, म्हणजे शंभरांत मूल कितव्या जागी आहे तो आकडा, कळवतात. पालकांनी त्या आकड्यावर सही करू नये. कोणत्या प्रकारचे प्रश्न चुकले याचा तपशील शाळेकडे मागावा, तो मिळेपर्यंत नोंदणीचा अर्ज थांबवावा, आणि शेजाऱ्याचे मूल कोणत्या वर्गात बसले याची चौकशी करू नये.